विहिरीकाठची नवरी

मी एक जुनी रुई आहे. सोनगीरच्या किल्ल्याकडून वाऱ्यावर उडत आलेली एक म्हातारी मगनभाऊंच्या कपाशीत, विहिरीच्या काठावर उतरली आणि तिथेच मी उगवले. मित्रांनो, माझ्या पांढऱ्या चिकाला बकरीसुद्धा घाबरते, म्हणून मी टिकले. शनिवारी मारुतीसाठी कोणी माझी पानं तोडून नेतं, तेवढाच काय तो माझा मान.

त्या विहिरीला कठडा नाही. खोदताना निघालेले दगड अजून शेजारीच पडून आहेत. वीज गेली की मोटार बंद, मग बायका काठावर वाकून बादलीने पाणी ओढतात. मगनभाऊंची पहिली बायको तिथूनच घसरली. पुढे दुसरीचाही पाय तिथेच सरकला. पडता पडता तिने माझी फांदी धरली, पण माझं अंग पडलं ठिसूळ. फांदी कचकन मोडली आणि माझा चीक मुठीत घेऊन ती खाली गेली. ते आठवलं की मला अजून रडू येतं.

यावर लोकांनी काय करावं? पत्रिका पाहिली! तिसरी बायको जगायला हवी असेल तर आधी नवरदेवाचं रुईशी लग्न लावा, म्हणजे संकट रुईवर जाईल, असं ठरलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला हळद लावली, खण गुंडाळला, काळे मणी बांधले. त्याच दगडांची चूल मांडून शिरा शिजवला. मी मनात म्हणत होते, दगड उचललेच आहेत तर काठावर रचा की रे! मंगलाष्टकं संपली आणि मला कोयत्याने बुडापासून तोडलं.

मुळं मात्र जमिनीत राहिली. मला दोन कोंब फुटले, तेवढ्यात मगनभाऊंची तिसरी बायको, नवी सून हर्षला शेतात आली. काठाशी थबकून तिने सासूला विचारलं, "आत्याबाई, हाई हिरले कठडा का बरं नही शे?"

सुनंदाबाई हसल्या. "आते कसानं भ्याव, माय? बठ्ठी पीडा रुईवर गयी."

मित्रांनो, माझ्यावर काहीसुद्धा गेलेलं नाही. विहीर होती तशीच आहे आणि काठ होता तसाच निसरडा आहे. मला पाणी घालू नका, माझी पूजाही करू नका, मी खडकातसुद्धा वाढते. पण तुमच्या शेतात अशी विहीर असेल, तर मोठ्यांना हाताला धरून तिथे न्या आणि कठडा बांधायला लावा.

आज पुन्हा वीज गेली आहे. हर्षला बादली घेऊन इकडेच येते आहे. आणि तिच्या हाताला लागण्याइतकी मी अजून वाढलेली नाही.