दुसरी दोरी

नाशिकच्या रविवार कारंज्याला पोहोचेपर्यंत ललिताने हिरामणला चौदा सूचना देऊन झाल्या होत्या. दोरी मनगटाला गुंडाळू नकोस, रिक्षा आली की कुत्र्याला भिंतीकडे घे, हॉर्न वाजला तरी मध्येच थांबू नकोस. पेठ तालुक्यातला हिरामण सातपूरच्या कारखान्यात होता आणि शनिवारच्या सुट्टीला शेल्टरमधली कुत्री फिरवायला शिकत होता. आज त्याची परीक्षा होती.

परीक्षा दोरीला बांधलेल्या काळूचीही होती म्हणा. खाण्यावरून त्याने दोघांना दात लावले होते. तिसऱ्यांदा असं झालं तर कायमचा पिंजरा, असं शेल्टरच्या समितीने बजावलं होतं. काळूला ललितानेच नाल्यातून काढून वाढवलेलं. त्या पिंजऱ्याच्या धास्तीने तिला सकाळी घास गिळवला नव्हता.

शिकाऊ माणूस असला की कुत्र्याला दोन दोऱ्या लावतात. एक त्याच्याकडे, दुसरी शिकवणाऱ्याकडे. ही दुसरी ढिलीच ठेवायची.

ललिताने गर्दीचा, बुलेटच्या फटाक्यांचा, सगळ्याचा विचार केला होता. पण आज शनिवार आहे आणि आपला कुत्रा काळाकुळकुळीत आहे, एवढं काही बाईसाहेबांच्या ध्यानात आलं नाही.

भांड्यांच्या दुकानापाशी एक काकू डबा उघडतच पुढे आल्या.

"अगं बाई, काळा कुत्रा! सकाळपासून शोधतेय." त्यांच्या हातात तेल लावलेली पोळी होती. "माझ्या लेकाला साडेसाती आहे हो, एवढा घास खाऊ द्या त्याला."

"नको, काकू! मागे व्हा!" ललिता ओरडली आणि तिने आपली दोरी करकचून ओढली.

काळू गुरगुरला. हिसका बसला तसा उलट पुढेच झेपावला. लोक थांबले, कुणी मोबाइल काढले. ललिताने आणखी जोर लावला. ओढलं की कुत्र्याला संकट आल्यासारखं वाटतं, हे ती दिवसातून दहादा सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"ताई, तुमची दोरी सोडा," हिरामण म्हणाला.

"वेडा आहेस का?"

"तुमच्या ओढण्यानं बिथरलाय तो. सोडा!"

तिची बोटं उघडेचनात. काळू पुन्हा झेपावला, तेव्हा कुठे तिने दोरी सोडली. हिरामणने ती झटक्यात उचलली आणि तो मध्ये उभा राहिला.

"मावशी, डबा बंद करा आधी. ती पोळी शेल्टरात पाठवा, तिथं ताटलीत देतो. पुण्य तुमचंच हाय."

काकूंनी झाकण लावलं. हिरामण पाठ फिरवून सावकाश चालू लागला. काळूने कान झटकले आणि तो त्याच्या मागे निघाला.

परतताना ललिता चार पावलं मागेच राहिली. आधी काळू दोनदा चावला, त्या दोन्ही वेळी दोरी तिच्याच हातात होती. हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

फाटकाशी हिरामणने विचारलं, "ताई, पास का नापास?"

"पास. शनिवारी काळूला तूच न्यायचं."

"आन् बाकीचं दिवस?"

"आणखी कुणाला तरी शिकवते." तिला रडू आवरेना. "मी नाही नेणार आता त्याला."

काळू तिच्याकडे बघून शेपूट हलवत होता. तिने दोरीला हात लावला नाही.