लाटा परत फेकणारी भिंत

मित्रांनो, बंदराच्या तोंडाशी समुद्रात उभी असलेली एक जुनी भिंत आहे मी. मार खाणं हेच माझं काम. माझ्या पाठीमागे होड्या निवांत राहाव्यात म्हणून मला बांधलं.

तेव्हा मी सरळसोट होते, गुळगुळीत. कंत्राटदार माझ्यावर हात फिरवून म्हणायचा, "लाट काय, लाटेचा बाप आला तरी हिला ओरखडा उठणार नाही!" मी फुगून जायचे.

पहिलं वादळ भर दुपारी आलं. लाटा धाडधाड आदळू लागल्या. मी एकीलाही आत सोडलं नाही. आली तशी अख्खी माघारी धाडली. पण परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडायची आणि दोघींचे माथे जुळले की पाणी दुपटीनं उंच उठायचं. पुढच्याच क्षणी तिथं खोल खड्डा पडायचा. माझ्या पायथ्याशी समुद्र नुसता उकळत होता.

त्यातच दोघे भाऊ होडी घेऊन परत येत होते. माझ्या टोकाला वळसा घालून आत शिरायचं, एवढंच उरलं होतं.

"दादा, घट्ट धर!" धाकटा ओरडला.

समुद्रावरून आलेली आणि माझ्याकडून परतलेली, अशा दोन्ही लाटा होडीखालीच भिडल्या. होडी वर उडाली, आडवी झाली आणि माझ्या अंगावर फुटली. वरून कुणीतरी फेकलेला दोर थोरल्याच्या हाती लागला. धाकट्याला पाण्यानं उचलून माझ्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. मग तो वर आलाच नाही.

वादळ ओसरल्यावर थोरला पहार घेऊन आला. "तूच खाल्लंस त्याला!" म्हणत घाव घालत राहिला, तळहात सोलून निघेपर्यंत. शेवटी त्याच्या बायकोनं पहार धरली. "अहो, पुरे आता. तिला काय कळतंय?"

मला कळत होतं, मित्रांनो.

मग बंदरावर नव्या इंजिनिअर बाई आल्या. कंत्राटदार ऐटीत म्हणाला, "बघा बाई, साधा तडासुद्धा नाही."

"तेच तर! हिनं लाट जिरवली कुठे? नुसती परत फेकली. पुढ्यात ओबडधोबड दगड टाका, मोठमोठे, फटी राहतील असे."

"त्यानं काय होणार?" थोरल्यानं विचारलं.

"लाट फटींत शिरेल, आपटून फुटेल. परत फिरेल तेव्हा तिच्यात जोर उरणार नाही."

थोरला दगड टाकणाऱ्यांत सामील झाला. शेवटचा दगड बसेपर्यंत तो तिथून हलला नाही.

त्यानंतर कितीतरी वादळं त्या दगडांत घुसली आणि धापा टाकत परतली. लोक माझ्यावर फिरायला येऊ लागले. एका काकूंनी चहाची टपरी टाकली. पण प्रत्येक वादळ चार दगड ओढून न्यायचं आणि नवे कुणी टाकायचं नाही. उघड्या पडलेल्या पायथ्याशी पाण्यानं पोकळी कोरली.

गेल्या वादळात लाट त्या पोकळीत घुसायची, आतली हवा कोंडायची आणि तोफ डागावी तसा स्फोट व्हायचा. काकू टपरी आवरत होत्या. त्यांची जाऊ धावत आली.

"अगं, चल ना!"

"किटली तरी घेऊ दे!"

"चुलीत गेली ती किटली!" जावेनं त्यांना दंडाला धरून फरफटत नेलं. दोघी जेमतेम लांब गेल्या आणि माझ्या माथ्याची फरशी टपरीसकट उडाली. तिथं पडलेल्या खिंडारातून पाणी आत कोसळलं. होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. काकू रस्त्यावरच बसल्या होत्या आणि जाऊ त्यांना घट्ट धरून रडत होती.

नंतर माणसं आली. खिंडार बुजवलं, वर नवी फरशी बसवली आणि मला छान निळा रंग दिला. आता माझ्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

मित्रांनो, मला रंग नको. ओहोटीला खाली उतरा, वाकून माझा पायथा बघा. ती पोकळी अजून तशीच आहे. तिथं दगड टाका, आणि लवकर टाका. क्षितिजावर पुन्हा काळं दिसू लागलंय.