गुटगुटीत बाळ

चिमाजीने टाचा उंचावून कॅलेंडरच्या खिळ्याला हात घातला, तेवढ्यात मधुशेठ गल्ल्यावरून ओरडला.

"ओ बाबा! हात कशाला लावताय? फाटेल ना ते!"

चिमाजीने हात खाली घेतला, पण तो भिंतीपासून हलला नाही. बाहेर भोरचा बाजार ऐन भरात होता. त्याची सून सगुणा चावडीजवळ नाचणीची पाटी मांडून बसली होती. पाटी रिकामी झाली की मीठ घ्यायला ती याच दुकानात येणार होती. ती यायच्या आत हे कॅलेंडर भिंतीवरून उतरायला हवे होते. ते इथे लागल्याचे गावातल्या सोनबाने सांगितले होते, आणि हिर्डोशीहून एवढी पायपीट त्याने त्याचसाठी केली होती.

भिंतीवर त्याची नात हसत होती. डोक्याला टोपडे, गालावर काजळाची तीट, आणि मांडीवर दुधाच्या पावडरीचा भलामोठा डबा. डब्याला कवेत घ्यायला तिचे हात पुरत नव्हते. खाली ठळक अक्षरांत काहीबाही छापले होते, आणि त्याखाली नव्या वर्षाचे महिने होते.

"शेठ, ह्ये मला द्या."

"अहो, कंपनीनं दुकानात लावायला दिलंय ते."

"ही आमची नात हाय. फुला."

मधुशेठने चित्राकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे, आणि तो गल्ल्यावरून उठलाच.

"काय सांगता! मग आधी नाही का सांगायचं? आत एक जास्तीचं आहे, ते देतो तुम्हाला. हे राहू दे इथं. बाया लांबून लांबून बघायला येतात हो."

हेच तर चिमाजीला नको होते.

हिर्डोशीत चिमाजीची ख्याती अशी, की तो कशावरच विश्वास ठेवत नसे. कुणी काही सांगू लागले की तंबाखू मळता मळता तो एवढेच विचारी, "बघितलं का कुणी?" वर्तमानपत्रात लढाईची बातमी आली, बघितलं का कुणी? मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याने खोऱ्यात दवाखाना बांधतो म्हणून भाषण ठोकले, पायाचा दगड बसवला, नारळ फोडला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. चिमाजी म्हणाला, "आता दुखलंखुपलं तर दगडाला औषध मागायचं व्हय?" लोक हसले. त्याचा राग कुणी धरत नसे, कारण बहुतेक वेळा म्हाताऱ्याचेच खरे होई.

गेल्या हिवाळ्यात भोरात गुटगुटीत बाळांची स्पर्धा भरली, तेव्हा जायचा हट्ट सगुणाने धरला. फुला तेव्हा नुकती बसायला लागली होती. तिचा पहिला नंबर आला. कंपनीने बक्षीस म्हणून पावडरीचे डबे दिले आणि मांडीवर डबा ठेवून तिचा फोटो काढला. मग तो पुण्याच्या वर्तमानपत्रात छापून आला. आईचे दूध आटले, डोंगरातले बाळ हातचे जाणार होते, पण डब्याने तारले! शाळेच्या मास्तरांनी हे वाचून दाखवले तेव्हा सगुणा पदरात तोंड खुपसून हसली होती. दूध आटले कुठले, शेतात उशीर झाला की तिची चोळी भिजायची. त्या डब्यातले तोवर फुलाने बोटभरसुद्धा चाखले नव्हते.

"या वहिनी, अगदी वेळेवर आलात!" मधुशेठ एकदम म्हणाला.

कचेरीतल्या कारकुनाची बायको कुंदा दुकानात शिरत होती. खांद्यावर मूल होते, आणि त्याची मान बारीक होती.

"हे कोण माहीत आहे का? त्या कॅलेंडरवरच्या बाळाचे आजोबा!"

"खरंच?" कुंदा पुढे आली. "आजोबा, बरं झालं बाई तुम्ही भेटलात. आमचा आनंद अंगावर पितो, पण भरतच नाही हो. घरात सगळे म्हणतात, डबा सुरू कर. तुमच्या नातीला हाच देत होतात ना?"

चिमाजीची नजर चित्रातल्या डब्यावर गेली.

गेल्या पावसाळ्यात लावणीचे दिवस होते. त्याचे गुडघे धरले होते, म्हणून मुलगा गेनू आणि सगुणा खाचरात जात आणि हा फुलाला घेऊन घरी बसे. सगुणा मध्येच येऊन पाजून जाई. एके दिवशी पावसाने ओढा चढला आणि ती पलीकडे अडकली. पोर रडून रडून काळीनिळी झाली. फळीवर बक्षिसाचे डबे तसेच बंद पडले होते. स्पर्धेत पांढऱ्या कोटातल्या एका माणसाने त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितले होते, "आजोबा, निर्धास्त पाजा." डॉक्टर माणूस, त्याला खोटे बोलून काय मिळायचे, असे चिमाजीला वाटले. जन्मात एकदाच त्याने आपला नेहमीचा प्रश्न विचारला नाही. कोट कंपनीचा होता आणि माणूसही कंपनीचाच होता, हे त्याला कुठून ठाऊक असणार. ओढ्याचे तांबूस पाणी धोतराच्या सोग्यातून गाळून त्याने पावडर कालवली. फुला घटाघटा प्याली आणि त्याच्या मांडीवरच झोपली. त्याला इतके बरे वाटले, की पुढचे काही दिवस तो तेच करत राहिला.

मग हगवण लागली. गावातले सगळे उपाय थकल्यावर तिला पाटीत घालून ते भोरकडे निघाले. वाटेत दवाखान्याच्या पायाचा दगड लागला. त्याच्या भोवती गवत माजले होते. सगुणाने पाटी तिथे खाली ठेवली, फुलाच्या नाकाशी हात धरला, आणि मग पुढे जायची गरज उरली नाही.

त्यावर सगुणा त्याला एका शब्दाने बोलली नव्हती. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर चिमाजीला सोसले असते.

"आजोबा?" कुंदा म्हणाली.

"नगा घेऊ, बाई," चिमाजी कसाबसा म्हणाला. "त्यो डबा नगा घेऊ."

"अहो, काय बोलताय बाबा!" मधुशेठ चपापला.

"का हो? काय झालं?" कुंदाने मुलाला छातीशी धरले. "ती बरी आहे ना?"

"म्या माज्या हातानं..." एवढे बोलून चिमाजीने भिंतीला हात टेकला. कुंदा त्याच्याकडे बघत होती आणि मधुशेठही बघत होता.

"पळती आता."

पायरीवर सगुणा उभी होती. रिकामी पाटी तिच्या कमरेवर होती. ती कधी आली, ते कुणालाच कळले नव्हते.

"मी आई तिची," ती कुंदाला म्हणाली. तिने भिंतीकडे पाहिले नाही. "चांगली पळाय लागली. ह्यांच्या मागं मागं असती दिसभर. आजाबिगर घास उतरत न्हाई तिला."

"आणि डबा?"

"डबा फोटोपुरता मांडीवर ठेवला व्हता त्यांनी. माज्या दुधावर वाढलीया ती. तुमी बी अंगावरच पाजा, बाई. आन सोता नाचणीची आंबील प्या, पोटभर जेवा. भरंल त्यो."

कुंदाने डब्यांच्या रांगेकडे एकदा पाहिले आणि साखर तेवढी मागितली. जाताना ती सगुणाला म्हणाली, "पुढच्या बाजाराला आणा की तिला. मला बघायची आहे."

"आणू," सगुणा म्हणाली.

मधुशेठचे तोंड उतरले होते, पण शब्द दिला म्हणून त्याने जास्तीचे कॅलेंडर आणून दिले. सगुणाने ते मिठाच्या पुड्याबरोबर पाटीत ठेवले आणि पाटी डोक्यावर घेतली.

नीरेच्या काठावर एका आंब्याखाली दोघे भाकरी खायला बसले. सगुणाने हात स्वच्छ पुसले आणि मग कॅलेंडर उलगडले. तिने ते मांडीवर धरले आणि ती बघत राहिली. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले, तसा तिने कागद लांब धरला, भिजू नये म्हणून.

"तुला दिसाया नगं, म्हणून आलो व्हतो गं मी," चिमाजी म्हणाला.

"मला ठावं व्हतं, मामंजी. सोनबानं मलाबी सांगितलं व्हतं. मी ह्येच्यासाठनंच आले."

तिने कागद बरोबर मधोमध दुमडला. डबा, छापलेली अक्षरे आणि महिने मागे गेले. वर टोपडे आणि हसू तेवढे राहिले. ते तिने पदरात गुंडाळून ठेवले आणि सासऱ्याच्या हातावर भाकरी दिली.

त्याने ती खाल्ली नाही. ती हातावर तशीच धरून तो म्हणाला, "सगुणा."

"काय?"

"लई पळती का गं?"

सगुणाने नाक पुसले.

"लई. दाराला फळी आडवी लावली तरी जाती वलांडून. हाका मारून मारून घसा बसतो तुमचा."

चिमाजीने तंबाखू काढली आणि तळहातावर मळायला घेतली. आता तो काय विचारणार, हे सगुणाला पाठ होते. ती खाली मान घालून थांबली.

"वढ्याकडं जाऊ दिऊ नगंस तिला," चिमाजी म्हणाला.