आठवा फूट

एकोणीसशे एकाहत्तर साली नगरपालिकेने नवं सभागृह बांधलं, आणि त्याच वर्षी मागच्या गल्लीतली एकाच मापाची चाळीसच्या चाळीस घरं एका दुपारी मोठी झाली. कुणी वीट रचली नव्हती की भिंत सरकवली नव्हती. पोस्टमन आला, खाकी पाकिटं वाटून गेला, आणि घरं मोठी झाली!

नगरपालिकेच्या लेखी घरं दोन प्रकारची. सहाशे चौरस फुटांच्या आतलं ते लहान, त्यावरचं ते मोठं. लहान घरवाल्यांचं कसंबसं भागत असे. मोठ्या घराला मात्र घरपट्टी तिप्पट, पाणीपट्टी दुप्पट, वर दिवाबत्तीचा कर वेगळा. गल्लीतला एकुलता एक दिवा आठ महिने बंद होता आणि नळाला सकाळी तासभर करंगळीएवढी धार यायची, ती गोष्ट निराळी.

टेलरबाईंनी पाकीट फोडलं तेव्हा त्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या. गिऱ्हाइकाच्या पडद्याची खालची पट्टी दुमडत होत्या. त्यांनी टाचण्या एकेक करून उशीला खोचल्या आणि कागद पुन्हा वाचला. लांबी पंचवीस फूट, रुंदी पंचवीस फूट, क्षेत्र सहाशे पंचवीस. तीस दिवसांत भरणा न केल्यास नळ तोडण्यात येईल, नव्वद दिवसांत घर जप्त.

"काय गं, कोण गेलं?" सासूबाईंनी आतून विचारलं. खाकी पाकिटात चांगली बातमी येते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"कोणी गेलं नाही, आई. आपलं घर वाढलंय."

नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. घर तेवढं मागे राहिलं. पुढच्या खोलीत मशीन आणि कापायचं टेबल, मागे स्वयंपाक आणि दोघींची झोपायची खोली. हातावर पोट. मोठ्या दिरांना या कराची कुणकुण लागली मात्र, आठवड्यात त्यांचं पत्र आलं. घर विकून टाकावं हे बरं, आईला आम्ही घेऊन जातो, तुम्ही भाड्याने कुठेतरी बघा.

"घेऊन जातो म्हणे! मी काय ट्रंक आहे?" सासूबाई म्हणाल्या. पत्राची घडी घालून त्यांनी ती मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. "बघ, कधी नव्हे ते तुझ्या दिराचा उपयोग झाला."

हसल्या दोघी, पण त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही. तिप्पट पट्टी भरायची तर मशीन विकावं लागणार, आणि मशीन विकलं तर पुढची पट्टी कशाने भरायची?

टेलरबाईंनी सकाळी आपला लोखंडी गज उचलला. तीन फुटांचा, दोन्ही टोकांना वजनमापे खात्याचा शिक्का मारलेला. भिंतीला लावून मोजत गेल्या. बरोबर आठ गज. म्हणजे चोवीस फूट. आडवं मोजलं, तेही चोवीस. चोवीस गुणिले चोवीस पाचशे शहात्तर. घर लहानच होतं, पहिल्यापासून होतं.

कराच्या खिडकीवरचा कारकून तरुण होता, चष्मा नाकावर घसरलेला.

"बाई, कागदावर पंचवीस आहे."

"घर चोवीस आहे."

"मग घरात काहीतरी चूक असेल."

"घरात?"

"कागद तपासलेला आहे, बाई. घर कोणी तपासलंय?" एवढं बोलून तो स्वतःच ओशाळला, आणि हरकतीचा छापील अर्ज त्याने काचेखालून सरकवला. "फेरमोजणी मागा. मोजणीदार येतील."

मोजणीदारांना गावात टेपराव म्हणत. कातडी डबीतली पन्नास फुटी कापडी टेप त्यांच्या खांद्याला पंचवीस वर्षं लोंबकळत होती. माणूस सरळ, सावकाश चालणारा, दोन महिन्यांत निवृत्त होणारा. यंदाच्या करासाठी गल्लीतली घरंही त्यांनीच मोजली होती. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या.

"नीट मोजा हो. नाहीतर उद्या राजवाडा कराल."

"आजी, मी वाढवत नाही, कमीही करत नाही. टेप बोलते ते लिहितो."

टेलरबाईंनी कोपऱ्यात बसून टेपेचं टोक भिंतीला धरलं. टेपराव मागे सरकत समोरच्या भिंतीला टेकले आणि वाकून वाचलं, "पंचवीस."

"असं कसं? आठ गज भरतात!"

"पंचवीसच आहे, बाई. या, तुम्ही वाचा."

टेलरबाई उठल्या. ताणलेल्या टेपेवरून हात फिरवत त्या तिकडे निघाल्या आणि तिसऱ्याच पावलाला थबकल्या. बोटांखाली काहीतरी लागलं होतं. डोळ्यांना दिसणार नाही असा जोड. बारीक, तिरका, उलटून घातलेला टाका. असा टाका गावात एकच बाई घालत असे.

सगळं लख्ख आठवलं. सहा वर्षांपूर्वी, दुकान उघडून पंधरा दिवस झाले असतील, टेपराव फाटकी टेप घेऊन आले होते. सायकलच्या साखळीत अडकून मधला भाग चिंध्या झाला होता. "शिवून द्या, बाई, पण जोड दिसता कामा नये." त्यांनी चिंध्या कापल्या, कडा जुळवल्या आणि बजावलंही, "दादा, मधला फूटभर गेला हो." टेपराव म्हणाले होते, "ते मी डोक्यात ठेवतो." काही दिवस ठेवलंही असेल. पण डोकं म्हणजे काही कातडी डबी नव्हे.

टेलरबाईंनी टेपेवरचा हात काढून घेतला. टेपरावांनी पंचवीस लिहिलं, सही घेतली आणि गेले.

"आई," संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "हे घर मीच मोठं केलंय. आणि गल्लीतली बाकीची एकोणचाळीसही."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सांगितलं तर काय होईल?"

"सरकारी टेप कापली म्हणून दंड करतील. गल्ली मला शिव्या घालेल. आणि त्या माणसाची पेन्शन जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग आधी मशीन विकायचं, आई. आणि मग घर."

दुसऱ्या दिवशी त्या टेपरावांच्या घरी गेल्या. अंगणात ते सायकल पुसत होते. ऐकल्यावर ते पायरीवर खालीच बसले. डबीतून टेप काढून त्यांनी जोड चाचपडला, मग आकडे बघितले.

"बाई, दोन महिने राहिलेत हो."

"मी माझ्यापुरतं सांगेन, दादा. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही." एवढं बोलून त्या परत फिरल्या.

हरकतींची सुनावणी नव्या सभागृहात होती. गोल फिरणाऱ्या, गादीच्या चोवीस खुर्च्या, प्रत्येकीवर प्लास्टिकचं आवरण अजून तसंच. नगराध्यक्ष बोलताना खुर्ची हळूहळू फिरवत, त्यामुळे अर्धं वाक्य खिडकीला ऐकू जाई. सगळी गल्ली मागे बाकांवर दाटीने बसली होती. सासूबाई पहिल्या रांगेत, हातात काठी.

"फेरमोजणीतही पंचवीस आलेत," नगराध्यक्ष म्हणाले. "आता काय हरकत?"

"साहेब, टेप चुकीची आहे."

"सरकारी टेप चुकत नसते, बाई."

टेलरबाईंनी गज टेबलावर ठेवला. लोखंडाचा ठण्‌ आवाज झाला. "हा माझा गज. यावर दरवर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो. एका वर्षी चार दिवस उशीर झाला तर सरकारच्याच माणसाने दंड केला होता, पावती आहे माझ्याकडे. तुमच्या टेपेवर शिक्का कुठाय?"

मागे कुणीतरी हसलं. नगराध्यक्षांची खुर्ची फिरायची थांबली.

"टेप आणा," ते म्हणाले.

कारकुनाने टेप आणून टेबलावर पसरली.

"आता मोठ्याने आकडे वाचा, भाऊ," टेलरबाई म्हणाल्या.

कारकुनाने चष्मा वर केला. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. नऊ."

बाकांवरची माणसं उठून टेपेकडे बघायला लागली.

"पुन्हा वाच," नगराध्यक्ष म्हणाले.

"सात. नऊ. साहेब, आठ नाहीये."

"नाहीये म्हणजे? आठ जाईल कुठे?"

"टेप धरणारा शेवटी बघतो, साहेब," टेलरबाई म्हणाल्या. "मधे कोण बघतंय?"

"माझ्या नातवाला येतं ते नगरपालिकेला येत नाही!" मागून एक म्हातारा ओरडला आणि बाकं हसून हलायला लागली. नगराध्यक्षांनी टेबल बडवलं. टेप हातात घेऊन उजेडात धरली, पण जोड काही सापडेना.

"हे कोणी केलं?"

"मी," टेलरबाई म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी मीच शिवली."

हसणं एकदम थांबलं. नगराध्यक्षांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे सरकारी साधनात फेरफार तुम्हीच केला, आणि हरकतही तुम्हीच घेता? लिहा हो, दंड लिहा."

कारकुनाने पेन उचललं. सासूबाईंची काठी जमिनीवर आपटली, पण त्या काही बोलण्याआधीच कोपऱ्यातून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. टेपराव उभे होते. हातातल्या फायलीची नाडी त्यांना सुटत नव्हती.

"बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, फूट गेलाय म्हणून. मीच विसरलो. चूक माझी." त्यांनी फाईल पुढे केली. "आणि टेप शिवायला का न्यावी लागली, तेही या फायलीत आहे. नव्या टेपेसाठी तेव्हापासून दरवर्षी एक, असे मी सहा अर्ज केले. सहाही परत आले."

कारकुनाने फाईल घेतली. त्याने नगराध्यक्षांकडे एकदा बघितलं, मग बाकांकडे, आणि काय वाटलं कोण जाणे, शेरे मोठ्याने वाचायला लागला. "अनावश्यक खर्च. अनावश्यक खर्च. जुन्या टेपेवर भागवावे. अनावश्यक खर्च. निधी नाही. आणि हा शेवटचा, गेल्या जूनचा: अनावश्यक खर्च." त्याने मागे जोडलेली ठरावाची नक्कल उलटली. "याच तारखेला चोवीस खुर्च्यांची मंजुरी आहे, साहेब."

त्या हशाने सभागृहाच्या नव्या काचा हादरल्या असं लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत. तेवढ्यात गल्लीतला बेकरीवाला बाकावर चढून उभा राहिला. "अहो, मग गटारं कशाने मोजली? ठेकेदाराला पन्नास फुटांचे पैसे आणि गटार एकोणपन्नास? सहा वर्षं?"

"आणि या सभागृहाची फरशी?" दुसरा ओरडला.

नगराध्यक्षांची खुर्ची आता भलत्याच दिशेला फिरली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून सरळ केली. दंड लिहायला सांगितलेला कागद त्यांनी स्वतःच फाडला, आणि तासाभराच्या आत ठराव झाला. चाळीसही घरं लहान. भरलेली जादा पट्टी पुढच्या वर्षात वळती. ठेकेदारांची बिलं फेरतपासणीला. दिवाबत्ती कर दिवा लागेपर्यंत माफ, हे शेवटचं कलम सासूबाईंनी काठी उगारून घालून घेतलं.

बाहेर गल्लीने टेलरबाईंना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. बेकरीवाल्याने गज हातात घेऊन बँडच्या पुढच्या माणसासारखा फिरवला, आणि सगळी वरात गात-ओरडत घरी आली. टेपराव मागे एकटे येत होते. टेलरबाई त्यांच्यासाठी थांबल्या.

"दादा, पेन्शन?"

"बघू. पण आज झोप लागेल."

पेन्शन मिळाली, पूर्ण. चौकशी झाली, पण सहा अर्जांपुढे कुणाचं काही चाललं नाही. निवृत्तीनंतर टेपरावांनी अंगणात फुलझाडं लावली, सगळी अंदाजाने, एकही मोजून नाही, आणि ती दाटीवाटीने वाढली. कारकून पुढे त्याच नगरपालिकेत वरच्या हुद्द्यावर गेला. त्याचा चष्मा शेवटपर्यंत घसरतच राहिला. नगराध्यक्ष पुढच्या निवडणुकीत पडले. त्या गल्लीतून त्यांना तीन मतं मिळाली, आणि ती कुणी दिली यावर वर्षभर भांडणं झाली. मोठे दीर धंद्यात बुडाल्यावर दोन वर्षं त्याच घरात येऊन राहिले, सासूबाईंनी त्यांच्याकडून पाणीपट्टीचा हिस्सा दर महिन्याला मोजून घेतला. सासूबाई एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या, पुढच्या खोलीत, मशीन चालू असताना, आणि मशीन थांबल्यावर कळलं. टेलरबाईंनी डोळे साथ देईपर्यंत, म्हणजे सत्त्याण्णव सालापर्यंत, दुकान चालवलं. घरपट्टी भरायला त्या दरवर्षी स्वतः जात आणि सगळी पावती शब्द न्‌ शब्द वाचल्याशिवाय खिडकी सोडत नसत, मागची रांग कितीही कुरकुरली तरी.