पाळण्यांची खोली

सगुणाने हौदावर बाटल्या धुणाऱ्या चार बायकांना उठवलं आणि ओल्या हातांनीच पेंढ्याच्या कोठारात नेऊन बसवलं. त्यांत तिची सून तुळसाही होती, काखेत सात महिन्यांची पोर घेऊन. तपासणीचे साहेब जाईपर्यंत आवाज करू नका, एवढंच सांगून सगुणाने दार ओढून घेतलं.

ठाण्याच्या त्या बाटल्यांच्या कारखान्यात ती बायकांची मुकादमीण होती. स्वातंत्र्याला चार वर्षं झाली होती आणि कामगारांसाठी नवा कायदा आला होता. पन्नासाहून जास्त बायका कामावर असतील, तर त्यांच्या मुलांसाठी कारखान्याने खोली बांधायची, सांभाळायला बाई ठेवायची. इथे बायका होत्या त्रेपन्न. हेडक्लार्क हरिहरपंतांनी सकाळीच सगुणाला बाजूला घेऊन समजावलं होतं, की मालक खोली बांधायचे नाहीत, त्यापेक्षा बायका कमी करतील. चौघी तासभर दिसल्या नाहीत की काम भागलं.

सगुणाला ते पटलं होतं. शेजारच्या बाळकुम गावातल्या कितीतरी चुली या हौदाच्या जिवावर पेटत होत्या.

तपासनीस तरुण होता. त्याने बायका मोजल्या, एकोणपन्नास भरल्या. निघता निघता चिंचेच्या फांदीला टांगलेल्या रिकाम्या झोळीपाशी तो थांबला. कुणा हमालाची असेल, असं पंत घाईने म्हणाले. तपासनीस सगुणाकडे वळला.

"बाई, तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगा." सगुणाने झोळीकडे पाहिलं. "एक पोर व्हती. मी मिठागरात कामाला, ती बांधावर निजलेली. भरती आली."

तपासनिसाने मिटलेली वही पुन्हा उघडली. मग हलकेच त्याने विचारलं, "इथे बायका किती?"

पंत धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते. पुसून झालेला चष्मा ते पुन्हा पुसू लागले.

"त्रेपन्न," सगुणा म्हणाली. "चौघी पेंढ्यात बसवल्यात."

तपासनिसाने सगळ्यांची नावं लिहून नेली, त्यामुळे मालकांना कुणालाच काढता आलं नाही. पाच महिन्यांत खोली उभी राहिली. चार पाळणे आले, मुलांना दूध मिळू लागलं. पंतांनी मात्र सगुणाशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पुढे हौदावरची शेवंती लग्न होऊन शीळला गेली. आणखी एक क्षयाने वारली. दोघींच्या जागी पुरुष येऊन बसले. सगुणाने जाब विचारला, तेव्हा पंत खालच्या आवाजात म्हणाले,

"कायद्याने खोली मागितली. बायका ठेवायला सांगितलं नाही."

दोन वर्षांत सगुणाचे गुडघे धरले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला. एका दुपारी पंत स्वतः हौदापाशी आले. मालकांचा निरोप होता. सगुणाबाईंनी आता घरी बसावं, साडीचोळी देऊन निरोप देऊ, मुकादमी तुळसाला देऊ. बोलणं मानाचं होतं आणि सगुणा खरोखरच थकली होती. पाळण्यांच्या खोलीत कुणाचं तरी पोर रडत होतं.

"पंत, आता आमी किती हाव?"

पंतांनी मालकांच्या केबिनकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"तुम्हाला धरून एक्कावन्न. तुम्ही गेलात की पन्नास."

सगुणाने हौदाच्या काठाला हात लावला आणि गुडघा सावरत खाली बसली.

"मंग सांगा मालकांना," ती म्हणाली, "सगुणाला अजून चांगलं दिसतंय."