आव्वांच्या वाकळेचा दर

हे २०२२ सालचं. पाडवा नुकताच झाला होता आणि आमच्या कामाचा हंगाम भरात होता. ऊन तापलं की बायका जुनी लुगडी, धोतरं धुऊन वाळवून माझ्याकडे आणून टाकतात. पाऊस लागायच्या आत वाकळ, म्हणजे गोधडी, हवी असते सगळ्यांना. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल-खुर्च्या भिंतीला सारून मी, माझी सून ऋता आणि बाळाबाई अशा तिघी जमिनीवर बसून शिवत असू. बाळाबाई शाहूवाडीकडची. तिला मी मजुरी देत असे आणि ती मला सल्ले देत असे, तेही न मागता.

त्याआधी चाळीसेक वर्षं मी वाकळा शिवल्या त्या सगळ्या फुकट. नणंदेच्या बाळंतपणाला, जावेच्या लेकीला, यांच्या कचेरीतल्या साहेबांच्या आईला. बदल्यात ब्लाउजपीस मिळायचा. हे गेले, आणि वर्षभरात ऋताने माझ्या एका वाकळेचा फोटो मोबाइलवर टाकून तिला किंमत लावली. पुण्याच्या एका बाईंनी ती घासाघीस न करता दिली. तेव्हापासून दर सांगताना माझा आवाज कधी खाली आला नाही. पाहुणी असो, शेजारीण असो, दर एकच.

पद्मावती आली ती भर दुपारी, रिक्षातून, मांडीवर चादरीचं गाठोडं घेऊन. ती आणि मी १९७० साली एकाच गल्लीत नव्या नवऱ्या म्हणून आलो. तिचं माहेर पार सीमेकडचं, घरात निम्मं कानडी. पहिल्या आठवड्यात आम्ही नळावर कडकडून भांडलो, कारण ती घागर लावून निघून जायची आणि मी ती बाजूला काढायची. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्यासाठी शेंगाची चटणी घेऊन आली. तिच्या सासरचा शाहूपुरीत गुळाचा व्यापार. पुढे त्यांनी बंगला बांधला, मोटार आली, पण पद्मावती गल्लीत आली की अजून मला "कालिंदे" म्हणूनच हाक मारते, आणि तीही दारातून नाही, कोपऱ्यावरूनच.

गाठोड्यात एक अर्धवट वाकळ होती. तिची आई, म्हणजे आव्वा, पद्मावतीच्या लग्नात द्यायला म्हणून ती शिवत होत्या. लग्नाची तारीख आधी आली, वाकळ मागे राहिली. मग पहिल्याच पावसाळ्यात आव्वा तापाने गेल्या. पन्नासहून जास्त वर्षं ती गावाकडच्या ट्रंकेत पडून होती. आता भावाने, जिनेंद्रने, जुनं घर विकायला काढलं तेव्हा ट्रंक उघडली गेली. आव्वांच्या हातचा पद्मावतीपाशी तेवढाच एक जिन्नस. वरच्या बाजूचे हिरवे नि जांभळे तुकडे शिवून झाले होते. खाली चारातल्या तीन हिश्श्यांवर नुसते कच्चे टाके होते.

"एवढी पुरी करून दे," ती म्हणाली. "मला तिच्यावर झोपायचंय. किती घेशील?"

मी म्हटलं, "तुझ्याकडून काय घ्यायचं गं?"

तिने वाकळेची घडी घालायला घेतली. मला वाटलं, दुसरी बाजू दाखवते आहे. पण तिने चादरीला गाठ मारली आणि चपला शोधायला लागली.

"कुठं निघालीस?"

"घरी. फुकट करणार असशील तर नगं मला."

"अगं, पण का?"

"फुकटच्या कामाला नावं ठेवता येत न्हाईत," ती म्हणाली. "आणि ह्या कामाला मला ठेवायची हायत. आव्वाची वाकळ हाय ती. उद्या मला पसंत न्हाय पडलं तर तुझ्या म्होरं मी काय बोलू? तोंड दाबून घेऊन जाऊ? दर ठरव, मग फोन कर."

आणि गेलीच. घर जैनांचं, सूर्य मावळायच्या आत तिला जेवायचं असतं म्हणून ती एरवी चारला उठते. त्या दिवशी तीन पण वाजले नव्हते.

मला राग आला. माझ्या कामाला नावं ठेवणारी बाई मंगळवार पेठेत अजून जन्माला यायची होती. ऋताचं मत पडलं की मैत्रिणीला थोडे कमी लावावेत, म्हणजे तिचाही मान राहील आणि आपलाही. बाळाबाईने सुई कापडात टोचून ठेवली. मैत्रीण तुमची हाय, ती म्हणाली, माझी मजुरी काय मैत्रिणीची व्हय? तुम्ही माया करा, पण माझ्या हातानं नगा करू.

मग मी विचार केला. कमी लावले तर पद्मावतीला ते लगेच कळणार, कारण तिला बाजारातला प्रत्येक भाव तोंडपाठ. कमी दर म्हणजे अर्धं फुकट, आणि अर्ध्या फुकटाला अर्धीच नावं ठेवता येतात. शिवाय आव्वांचं कापड इतकं जुनं की प्रत्येक टाक्याला जपावं लागणार होतं. अशा कामाला मी परक्या माणसाला जास्तच सांगितले असते. तेवढेच तिला सांगायचे ठरवले. संध्याकाळी फोन करून म्हटलं, "साडेतीन हजार."

"तीन. दोरा माझा."

"तू दोरा आणलास तर मी शिवणार नाही. तू स्वस्तातला आणशील."

"गुळाच्या व्यापाऱ्याला तू स्वस्त-महाग शिकवतीस व्हय?"

अर्धा तास आम्ही भांडलो. नळावरच्या भांडणानंतर इतकी मजा आली नव्हती. सव्वातीनवर सौदा ठरला, दोरा माझा. दुसऱ्या दिवशी गाठोडं परत आलं.

कामाला मी स्वतः बसले, बाळाबाईला खालच्या बाजूला घेतलं. पंधरवड्यात दीड हात शिवून झालं. टाका बारीक, ओळी सरळ. आव्वांचा टाका जेवढा लांब तेवढाच मी धरला होता, त्याचा मला अभिमान होता. मग पद्मावती बघायला आली. चष्मा लावला नाही, काही नाही. वाकळेशेजारी मांडी घालून बसली आणि वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला. परत फिरवला. मग आडवा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि परत.

"उसव," ती म्हणाली.

बाळाबाई उठून उभीच राहिली. मी तिला हाताने बसवलं आणि विचारलं, काय चुकलं? पद्मावतीने माझा हात धरून आव्वांच्या भागावर ठेवला. डावीकडून उजवीकडे नेला तर कापड गुळगुळीत लागलं. उलटा आणला तर बारीक बारीक चुण्या बोटांना अडत होत्या. मग तिने तोच हात माझ्या भागावर फिरवला. तिथे दोन्हीकडून सारखंच लागलं.

मी इतकी वर्षं शिवते, पण हे मला दिसलं नव्हतं, कारण ते दिसणारं नव्हतंच. आमच्याकडे ओळ संपली की वाकळ फिरवायची आणि त्याच दोऱ्याने परत यायचं. एक ओळ जाते, एक ओळ येते, ओढ दोन्हीकडे सारखी पडते. आव्वा ओळ संपली की दोरा तोडत आणि पुन्हा पहिल्याच कडेपासून नवी ओळ धरत. सगळी ओढ एकाच दिशेला.

"ल्हानपणी आव्वाच्या वाकळेवर मी असाच हात फिरवत झोपायची," पद्मावती म्हणाली. "सुलटा, उलटा. सुलटा, उलटा."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"मलाच कुठं आठवत हुतं? आत्ता हाताला कळलं."

शिवलेलं काम उसवायला सांगितलेलं मला आयुष्यात पहिल्यांदाच. टाक्यात खोट नव्हती. पण तिच्या जागी मी असते तर मीही उसवच म्हटलं असतं, आणि फुकट केलं असतं तर ती म्हणाली नसती. "छान झालीय गं" म्हणून घेऊन गेली असती आणि पुन्हा ट्रंकेत टाकली असती. हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

तेवढ्यात ऋताने हिशोब सांगितला, की असं शिवायचं तर दोरा जास्त, वेळ जास्त, आणि झालेलं वाया, तेव्हा दर वाढणार. पद्मावती म्हणाली, चूक कुणाची? मी म्हटलं, सांगितलं नाहीस ती तुझी, विचारलं नाही ती माझी. पुन्हा घासाघीस सुरू झाली. शेवटी ठरलं ते असं: ठरल्या पैशात मी नव्याने शिवायचं, आणि झालेलं उसवायचं पद्मावतीने स्वतः.

बंगल्यात राहणारी बाई चार दिवस आमच्या जमिनीवर बसून ब्लेडने टाके कापत होती. चारला उठायची, दुसऱ्या दिवशी बाराला हजर. बाळाबाई तिला दटावायची, "अवो पावणं, कापड फाडशीला, दोरा वडा." पद्मावती निमूट ऐकायची, कारण उसवण्यापुरती इथली मजूर तीच होती. माझं काम तिच्या हाताखालून उसवलं जाताना बघवत नव्हतं, म्हणून मी पाठ करून बसायची.

दुसऱ्यांदा मी आव्वांसारखं शिवलं. ओळ संपली की दोरा तोड, परत पहिल्या कडेला ये. हाताची जुनी सवय मोडायला आठवडा गेला. वळीव दोनदा येऊन गेला आणि वाकळ पुरी झाली.

पद्मावतीने ती जमिनीवर अंथरली, तळवा फिरवला, सगळीकडे फिरवला. मग एका कोपऱ्याशी थांबली.

"हितं जरा खरबडीत झालंय, कालिंदे. टाका सैल पडलाय तुझा."

मी वाकून बघितलं. हिरवा तुकडा, जांभळी किनार.

"तो कोपरा आव्वांचा आहे," मी म्हटलं.

तिने पुन्हा हात फिरवला. मग तिथेच आडवी झाली, त्या कोपऱ्यावर गाल टेकून, आणि पाचपर्यंत उठली नाही. त्या दिवशी जेवणाला उशीर होईल म्हणून तिच्या घरून दोनदा फोन आला. जाताना तिने सव्वातीन हजार मोजून दिले आणि मी ते मोजून घेतले.

बाळाबाईचे गुडघे पुढच्या वर्षी गेले. ती आता पेठ वडगावला लेकीकडे असते आणि नातसुनांना शिवायला बसवून स्वतः नुसती खोट काढते. धंदा ऋता बघते. माझा मुलगा दत्तप्रसाद गाठोडी पोचवतो आणि दराच्या बाबतीत तोंड उघडत नाही. जिनेंद्रने गावाकडचं घर विकलं, ट्रंक मात्र ठेवली. पद्मावती उन्हाळ्यातसुद्धा त्या वाकळेवर झोपते, तिचा नवरा आण्णा त्यावरून कुरकुरतो. मागच्या दिवाळीत तिची नात ऐश्वर्या तसलीच एक नवी करून मागायला आली. तिच्यासोबत पद्मावती होती. मी दर सांगितला, आणि पोरगी हो म्हणणार तेवढ्यात आजीने तिचा दंड धरला आणि निम्म्यापासून सुरुवात केली. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दोरा ओवून द्यायला माणूस लागतं, पण ती वाकळ मीच शिवते आहे. ओळ संपली की दोरा तोडते.