कोरडी भिंत

हुडकेश्वरच्या घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा, हे आमच्या यांनी पाया खणायच्या आधीच ठरवलं होतं. "म्हातारपणी मुलाच्या तोंडाकडे पाहायला नको," म्हणायचे. पण भाड्यापेक्षा मोठं काही वर राहायला आलं, ती गोपिका. भिवापूरची पोर, नवरा औषधाच्या दुकानात, कडेवर श्वेता. महिन्याभरात ती मला काकू म्हणता म्हणता माझ्या फोडणीला नावं ठेवायला लागली. मला मुलगी नाही. मग काय, लागला जीव.

घर कूलरसकट द्यायचं, ही यांची, आमच्या सुमंतरावांची ऐट. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ते धूड सगळा उन्हाळा घरघरायचं आणि टाकीतलं पाणी भिंतीत मुरायचं. हे दरवर्षी टाकीला आतून डांबर फासायचे. दिवाळीआधी खोलीतले पोपडे खरवडून पुट्टी, वर नवा रंग. मग चार पावलं मागे सरून स्वतःचंच कौतुक!

"अहो, भिंतीला ताप आलाय आणि तुम्ही पावडर लावताय," मी म्हणायची.

"तुला बांधकामातलं काय कळतं?"

गोपिकाही सांगायची, "काका, भिंत ओली होऊन राहिली. श्वेताचा खोकला काही जाऊन नाही राहिला."

"काही होत नाही वं. या दिवाळीले गुलाबी मारू, श्वेताच्या आवडीचा."

मारला गुलाबी. पुढच्या उन्हाळ्यात तोही फुगला आणि गळून पडला. पोरीची छाती वाजायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हे घर सोडा. सामान भरल्यावर गोपिका माझ्या गळ्यात पडून रडली, यांच्या पाया पडली. एक शब्द उणा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर घर पाहायला लोक यायचे. जो तो त्या भिंतीवर तळहात ठेवायचा आणि "कळवतो" म्हणून जायचा. हे लोकांवर चिडायचे. मग एका सकाळी वर गेले ते जेवायलाही खाली आले नाहीत. मी जाऊन पाहते तर स्वतःच भिंतीला हात लावून बसलेले. "पोर इथं झोपत होती गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी कूलर भंगारवाल्याला दिला. मिस्त्री बोलावून विटा दिसेपर्यंत प्लास्टर फोडलं, नवं केलं. भिंत खडखडीत वाळली. गिऱ्हाइकं आली, तर म्हणाले, "देणं नाही. आमचे लोक यायचेत."

आम्ही कन्हानला गेलो, गोपिकाच्या नव्या बिऱ्हाडी. तिनं पोहे केले. श्वेता अंगणात दोरीवर उड्या मारत होती, मोठमोठ्यानं मोजत, मध्ये एकदाही न खोकता. हे तिच्याकडे पाहत राहिले. पोहे तसेच. मग उठले आणि मागच्या भिंतीवर तळहात ठेवला. बराच वेळ हात तिथून काढला नाही.

"काका, काय पाहून राहिले?"

"काही नाही वं. घर चांगलं आहे. हे सोडू नका."

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिशातून वरच्या मजल्याची किल्ली काढली. गोपिकाच्या हातात द्यायला आणलेली.

"त्यांची भिंत कोरडी आहे गं," म्हणाले आणि भर बसमध्ये लहान पोरासारखे रडले. या माणसाशी मी जन्मभर भांडले, पण त्या दिवशी पदरानं त्यांचे डोळे पुसले. किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवून दिली.